मागे ओढली की वर

त्या सकाळी ग्लायडरच्या शेपटीपाशी मी उभा होतो, आणि मी बघितलं नव्हतं. एवढं एक वाक्य कागदावर उतरायला बावीस वर्षं गेली. बायकोला हे ठाऊक नाही. आई गेली त्या दुपारी तिच्या उशाशी मी एकटा होतो, तिला काही ऐकू येत नव्हतं, तरीसुद्धा माझ्या तोंडून ते निघालं नाही.

काल मी श्रीवर्धनला भास्करच्या घरी होतो. तिथे जे कानांवर पडलं ते क्रमानं येईलच. आज मुंबईला परतायचं म्हणून रेवसला आलो, तिकीट काढलं, आणि लाँच सुटायची घंटा झाली तरी धक्क्यावरच उभा राहिलो. खलाशी ओरडला, "येताव की न्हाय?" मी मान हलवली. लाँच गेली. मग उलट फिरून दीड तास चाललो आणि ह्या टेकडीवर आलो. आम्ही इथे उडायला शिकलो.

वैशाख संपत आला आहे. गवत जळून गेलंय, करवंदीच्या जाळ्या काळ्या फळांनी लगडल्यात. खाली भाजून काळी केलेली भातखाचरं, त्यांच्यापलीकडे ताडांची ओळ, तिच्यापलीकडे समुद्र. माळावर आमची एकही खूण राहिलेली नाही. तंबूंचे खुंट नाहीत, छप्पर नाही. तरी वर पोचलो तोच वास आला, पिकल्या केळ्यांचा. पंखांच्या कापडाला चोपडायच्या रोगणाला तसा वास यायचा. चौदा तरुण मुलांचा तळ, घामेजलेल्या खाकी चड्ड्या, चुलीवर जळलेला भात, आणि ह्या सगळ्यावर पिकल्या केळ्यांचा वास. आज इथे केळीचं झाड नाही, रोगणाचा डबा नाही. नाकाचं काही सांगता येत नाही.

तिसाच्या दशकातली पहिली वर्षं होती. कॉलेजातल्या कॅडेटांमधून आम्हा चौदा जणांना निवडून दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यात इथे आणलं होतं. ग्लायडर दोन, दोन्ही सुटे करून पेटाऱ्यांत भरलेले. पेटारे पडावातून रेवसला उतरले आणि तिथून धर्मादादाच्या बैलगाड्यांत चढले. धर्मादादा खालच्या गावचा शेतकरी. भात झोडून झालं होतं, बैल मोकळे होते, म्हणून महिनाभर आमच्याबरोबर राहिला. पहिल्या दिवशी आम्ही सांगाडा जोडत होतो तेव्हा तो चारही बाजूंनी फिरून बघत होता. लाकडाची एक चौकट, वर कापडाचे दोन लांब पंख, मागे शेपटी, आणि पुढे उघड्यावर एक फळी, बसायला. पायाखाली काही नाही, समोर काही नाही.

"ह्याचं इंजान कुठं हाय?"

"इंजिन नसतं दादा ह्याला," भास्कर म्हणाला.

"न्हाय? मंग बैल कुठं जुपायचं?"

सगळे खो खो हसलो. पण खरं तर दादाचंच बरोबर निघालं. ग्लायडर उतारावरून खाली जाऊन टेकला की त्याला पुन्हा माथ्यावर ओढून आणायला त्याचेच बैल लागायचे. दिवसातून वीस-वीस वेळा. शेवटी उडून दाखवणाऱ्याला बिल्ला मिळायचा होता. दादा म्हणायचा, "तुमी उडताव येकदा, माजं बैल चढतान धा वेळा. कोनाला बिल्ला भेटल सांगा."

भास्कर श्रीवर्धनचा, सुपारीच्या वाडीतला. माझा कॉलेजातला खोलीसोबती. उंच, हाडकुळा, बोलायला लागला की थांबत नसे. पण ग्लायडरच्या फळीवर बसला की एकदम गप्प व्हायचा. डोळे अर्धे मिटायचा आणि गालावर वारा घ्यायचा, एकदा ह्या गालावर, एकदा त्या. मी त्याला म्हणायचो, "देवाला कौल लावतोयस काय?" तो म्हणायचा, "वाऱ्याला विचारतोय, येऊ का म्हणून. तू न विचारता घुसतोस, म्हणून आपटतोस."

मी आपटायचो. हे खरं होतं.

शिकवणारे एक पारशी गृहस्थ होते, आम्ही त्यांना सर म्हणायचो. विलायतेत उडायला शिकलेले, उन्हानं नाक सोललेलं, गळ्यात शिट्टी. ग्लायडरमध्ये बसायला एकच जागा, त्यामुळे शिकवणारा जमिनीवर आणि शिकणारा पहिल्या दिवसापासून एकटा. आधी नुसतं घसरायचं. मग हातभर वर. मग पुरुषभर. पुढच्या आकड्यात रबरी दोर अडकवायचा, त्याची दोन टोकं चार-चार जणांनी धरायची, आणि शेपटीला धरून एकानं जमिनीत टाचा रोवून बसायचं. सर ओरडायचे, "चाला!" आठ जण दोर घेऊन चालू लागायचे. "पळा!" ते उतारावरून पळत सुटायचे, रबर ताणलं जायचं, कुरकुरायचं, शेपटीवाल्याचे खांदे उखडतील असं वाटायचं. मग "सोड!" आणि हातातलं सगळं वजन एका क्षणात नाहीसं व्हायचं. मी शेपटी सोडून कितीदा तरी गवतात उताणा पडलोय. डोकं वर करावं तो समोर नुसतं आकाश आणि त्यात तारांची बारीक शीळ, लांब लांब जाणारी.

ती शीळ आज ऐकायला मी थांबलो. पावशा ओरडत होता फक्त.

सकाळी मतलई वाहायची, जमिनीकडून समुद्राकडे. त्या वाऱ्यावर ह्या टेकडीवरून उडता येत नसे. तोंडावर वारा लागतो, पाठीवर नाही. म्हणून दहा-अकरा वाजेपर्यंत आम्ही वाट बघायचो आणि सफाई करायचो. समुद्राच्या हवेनं तारा एका रात्रीत तांबारायच्या. रॉकेलच्या बोळ्यानं पुसायच्या, वर खोबरेल फिरवायचं. मग कधीतरी गवत एकदम स्तब्ध व्हायचं. पानसुद्धा हलायचं नाही. धर्मादादा तंबाखू मळता मळता म्हणायचा, "आता बसंल." खाली कोळ्यांच्या होड्यांची शिडं लोळागोळा होऊन लोंबायची, आणि मग, एकीला कुणीतरी सांगितल्यासारखं आणि तिनं दुसरीला सांगितल्यासारखं, ती फुगून एकाच अंगावर झुकायची. खारा वारा बसला, म्हणजे समुद्राकडून वाहू लागला. सर शिट्टी वाजवायचे. त्या क्षणाइतकं सुंदर मी पुढे आयुष्यात काही बघितलं नाही, आणि म्हणूनच ते झालं.

उडण्याआधी तपासणी असे. बसलेल्यानं गुडघ्यांमधली सुकाणूची दांडी हलवायची आणि मोठ्यानं सांगायचं. शेपटीपाशी उभ्या असलेल्यानं शेपटीची फळी कुठे हलते ते बघून उत्तर द्यायचं. दांडी मागे ओढली की मागची फळी वर उचलली जाते, आणि ग्लायडर नाक वर करतो. पुढे ढकलली की फळी खाली, नाक खाली. तेव्हा, "मागे!", "वर!" "पुढे!", "खाली!" मग डावीकडे, उजवीकडे. पहिले चार दिवस आम्ही ते नीट केलं. पाचव्या दिवसापासून त्याला चाल लागली. आम्ही सगळे पाढे म्हणत वाढलेली मुलं. पंतोजी बे म्हणायच्या आत आमच्या तोंडात बे दुणे चार तयार. बोट कुठे, पाटी कुठे, बघायचं कशाला? उत्तर ठरलेलंच. तसं आमचं झालं. फळीवरचा "मा—" म्हणायचा तोवर शेपटीवरचा "वर!" म्हणून मोकळा. दोघांचे सूर जुळायचे. सरांना वाटायचं, पोरं तयार झाली.

माथ्यावरून, थेट कड्यावरून पहिली झेप कुणी घ्यायची ते सरांनी एका संध्याकाळी सांगितलं. भास्कर. मला ती झेप हवी होती. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तोंडभर हसलो. पोटात मत्सर होता, तो मी नाकारत नाही. पण चूक मत्सरानं झाली नाही. मी फार शोधलं. झाली असती तर बरं झालं असतं. निदान तिला तोंड असतं. ती नुसती झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मतलई चालू असताना सरांनी मला शेपटीच्या दोन तारा काढून साफ करायला सांगितल्या. वरची आणि खालची. मी काढल्या, रॉकेलनं घासल्या, तेल फिरवलं, पुन्हा जोडल्या. वरची खाली जोडली आणि खालची वर. बोटं तेलकट होती. उन्हात तारा चमकत होत्या. मला खूप बरं वाटत होतं, एवढं लख्ख आठवतं.

मग गवत स्तब्ध झालं. भास्कर फळीवर बसला, पट्टा आवळला. मी शेपटीपाशी.

"मागे!"

"वर!" मी म्हणालो. मी समुद्राकडे बघत होतो. शिडं झुकत होती.

"पुढे!"

"खाली!"

माझ्यापासून हातभर अंतरावर ती फळी बरोबर उलटी हलली असणार. दोनदा. मला दिसली नाही. मी तिच्याकडे बघत नव्हतो.

"चाला!" "पळा!" टाचा रोवल्या. रबर कुरकुरलं. "सोड!"

मी उताणा पडलो, मान वर केली, आणि तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा म्हणावं असं, शेपटीच्या त्या फळीकडे बघितलं. ग्लायडर कड्याबाहेर निघाला होता. नाक जरासं खाली गेलं. फळी खाली झुकलेली होती. नाक आणखी खाली गेलं. फळी आणखी खाली. तो दांडी मागे ओढत होता. जितकी ओढत होता तितका खाली चालला होता. मला सगळं कळलं. तो अजून हवेत होता आणि मला सगळं कळलं होतं. तोंड उघडून मी काय ओरडलो माहीत नाही. बहुतेक काहीच नाही.

आवाज मोठा झाला नाही. सुक्या बांबूंच्या टोपलीवर कुणी बसावं, तसा झाला. मग पंखाचं कापड वाऱ्यावर फडफडायला लागलं, फड फड, एखाद्या वाळत घातलेल्या धोतरासारखं, शांतपणे.

सगळे भास्करकडे धावले. मी शेपटीकडे धावलो.

मी ठरवून धावलो नाही. पाय गेले. शेपटी अखंड होती, करवंदीच्या जाळीत वर तोंड करून पडली होती, आणि तारा फुलीसारख्या एकमेकींवरून गेलेल्या होत्या. त्याच बोटांनी मी खिळ्या काढल्या. दोन्ही तारा सोडल्या. वर धर्मादादा बैलांपाशी उभा होता, त्यानं हाक मारली, "काय करतंस रं तितं?"

"लोंबतायत, दादा. मोकळ्या करतोय."

"व्हय, कर, कर. पायात येतीन कोनाच्या."

किती सरळ आवाज होता माझा! दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. मग मी भास्करकडे गेलो. त्याचा उजवा पाय मांडीपासून भलत्याच बाजूला वळला होता. शुद्धीवर होता. चेहऱ्यावर वेदना नव्हती अजून, नुसतं आश्चर्य होतं. मला बघून म्हणाला, "अरे, मी मागेच ओढली रे."

आणि मी त्याच्याशेजारी गुडघे टेकले, त्याचा हात हातात घेतला, आणि म्हणालो, "घाबरलास तू. होतं असं. पुढे गेली असेल."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि त्या हाताकडे बघितलं, उलटा करून, सुलटा करून. अनोळखी माणसाकडे बघावं तसं.

सर शेपटीपाशी जाऊन आले. "तारा?"

"आपटल्यावर सुटल्या, सर."

"तपासणी तू केली?"

"हो सर. बरोबर होती."

ते माझ्याकडे बघत राहिले नाहीत. बघायला हवं होतं. भास्करच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "काय झाला, डिकरा? हात उलटा गेला? हरकत नाय. माज्या पन गेलेला." त्याला धीर द्यायला म्हणाले बिचारे. झोळी करून आम्ही त्याला खाली नेलं, धर्मादादाच्या गाडीत घातलं. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला तो ओठ चावत होता आणि मधेच पुटपुटत होता, "मागे... वर. पुढे... खाली." पाढा विसरलेल्या मुलासारखा पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता.

चार दिवसांनी दुसऱ्या ग्लायडरनं मी त्या कड्यावरून झेप घेतली. शेपटी मी स्वतः तीनदा तपासली. वर गेलो. खाऱ्या वाऱ्यानं टेकडीवर आपटून मला उचललं, पायांखाली ताडांचे शेंडे, एका होडीतला माणूस तोंड वर करून बघतोय, तारांची शीळ. सुंदर होतं. हेही सांगायलाच हवं. भास्कर हाडवैद्याच्या ओसरीवर पडला होता आणि मी हवेत होतो आणि ते सुंदर होतं. मला बिल्ला मिळाला.

भास्करचा पाय आखूड राहिला. कॉलेज सुटलं, तो वाडीत परतला. सुरुवातीला मी पत्रं लिहिली, मग दिवाळीचं कार्ड, मग तेही नाही. काल जवळच्या गावी कामानं गेलो होतो, एस.टी. चुकली म्हणून त्याच्या दारात उभा राहिलो. चुकली नव्हती. मीच सोडली.

"कोण रे? अरे! हरामखोरा!" लंगडत अंगणात आला आणि मला मिठी मारली. पोफळींखाली गार अंधार, पाटाचं पाणी, सुपांत वाळत घातलेली आमसुलं. पावसाआधीच्या बेगमीची, आगोटीची घाई चालली होती. त्याची मुलगी सुमन रातांबे फोडत बसली होती, बोटं लालभडक. एकोणीस वर्षांची असेल. चहा आणला तेव्हा भास्करनं तिला बसवून घेतलं.

"हा तो! टेकडीवरचा माझा साक्षीदार. सुमे, विचार ह्याला." आणि तो सांगू लागला. हसत. हसवत. किती वेळा सांगितलं असेल ते, कुठे थांबायचं ते पक्कं बसलं होतं. "देवानं सगळं दिलं, ऐन वेळी चालणारा हात तेवढा दिला नाही. म्हटलं मागे, गेला पुढे! काय रे, तू होतास की नाही? सांग हिला."

चहाची कपबशी माझ्या हातात होती. "होतो," मी म्हणालो.

"बघ."

सुमन हसली नाही. म्हणाली, "काका, मला मेडिकलला जागा मिळाल्ये. मुंबईला. ह्या आठवड्यात येणार की नाही ते कळवायचंय."

"अरे वा," मी म्हणालो.

"नाही म्हणून लिहिणार आहे."

मी भास्करकडे बघितलं. तो पाटाच्या पाण्याकडे बघत होता. "मी अडवलं नाही रे," तो म्हणाला. "पण तिला म्हटलं, बाई, उद्या हातात सुरी असेल आणि खाली माणूस असेल. आपल्या घराचा हात आहे हा. ऐन वेळी उलटतो. माझ्या पायावर भागलं, दुसऱ्याच्या जिवावर जायचं. वाडीत बरी आहे."

"बाबा म्हणतात ते खरंच आहे, काका," सुमन म्हणाली. "कॉलेजात बेडूक चिरताना सर मागे उभे राहिले की माझा हात थरथरायचा." आणि तिनं आपला हात पुढे धरला आणि त्याच्याकडे बघितलं. उलटा करून. सुलटा करून.

माझ्या कानांत एकदम पाणी भरल्यासारखं झालं. मी तिला काहीतरी बोललो, अभ्यासाबद्दल. भास्कर आग्रह करत होता, राहा, उद्या शहाळी उतरवतो. मी उठलो. फाटकापर्यंत तो लंगडत पोचवायला आला, म्हणाला, "येत जा रे. तुझ्यासमोर मला लाज वाटत नाही. तू तिथे होतास ना."

मला वाटायचं, मी एका माणसाचा पाय मोडला. बावीस वर्षं मी पायाचाच हिशेब धरून चाललो होतो. हाताचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी त्याच्याकडून हात काढून घेतला होता, तो त्यानं मुलीच्याही पदरात घातला होता, आणि दोघं मला चहा देत होती.

वारा बसला आहे. खाली दोन होड्या बाहेर पडतायत, आता पावसाआधी त्याही किनाऱ्यावर ओढून नारळीच्या झापांखाली जातील. मी कातळावरून उठलेलो नाही. हे छापून आलं तर लोक वाचतील, पण छापणं म्हणजे सांगणं नव्हे. श्रीवर्धनच्या त्या अंगणात वर्तमानपत्रसुद्धा दोन दिवस उशिरा पोचतं. सकाळी अलिबागहून तिकडची एस.टी. आहे. मला धीर होईल की नाही, ते मी आज सांगू शकत नाही. खोटं बोलायची सवय जुनी आहे, खरं बोलायची नाही.

मी एवढं देणं लागतो: भास्करसमोर उभं राहायचं, सुमनला शेजारी बसवायचं, तिचं पत्र टपालात पडायच्या आत, आणि म्हणायचं, की तारा मी उलट्या लावल्या, मी न बघता उत्तर दिलं, खुणा मी पुसल्या. भास्कर, तू दांडी मागेच ओढली होतीस.